माहेरच्या नावाचा रकाना

करडी गावात अश्वजित गणवीर नेमकं काय काम करतो, हे त्याच्या बापालाही धड सांगता येत नसे. कोणी विचारलं की यादोराव म्हणायचे, "कम्पुटरवर फारम बनवते." गावानं त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला. कोणी पीकविम्याचे कागद घेऊन यायचं, कोणी पोरीच्या शिष्यवृत्तीचे, कोणी नुसतंच आधार कार्ड हातात धरून दारात उभं राहायचं. अश्वजित मुकाट्यानं भरून द्यायचा. फॉर्म बनवणारा वेगळा आणि भरणारा वेगळा, हे समजावून सांगायला जो वेळ लागतो त्याच्या निम्म्यात फॉर्म भरून होतो, हे त्यानं केव्हाच ओळखलं होतं.

कंपनी नागपूरची, बारा माणसांची. टाळेबंदीत तो लॅपटॉप घेऊन घरी आला तो परत गेलाच नाही. मागच्या खोलीत धानाच्या पोत्यांशेजारी टेबल लावलं आणि तिथंच नोकरी सुरू झाली. मोबाइलच्या किंवा टॅबच्या पडद्यावर जे दिसतं, जिथं आपण बोट ठेवतो, तेवढा भाग बनवायचं त्याचं काम. आत माहिती कुठं जाते, कशी साठते, ते बघणारे दुसरे. चौतिशीचा, अंगानं सडपातळ, बोलायला जेमतेम. लग्नाचा विषय काढला की हा उठून पाणी प्यायला जायचा. गावात त्याच्याबद्दल वाईट बोलणारं कोणी नव्हतं आणि फार काही चांगलं बोलावं असंही त्यानं कधी काही केलं नव्हतं.

त्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत त्याची आई वच्छला तापली. दोन दिवस गावातच औषध झालं, तिसऱ्या दिवशी भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं आणि संध्याकाळी ती गेली. अश्वजितनं सगळं नीट केलं. गाडी सांगितली, नातेवाइकांना फोन केले, दाखल्याचे कागद केले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची पत्रिका त्यानं स्वतःच बनवली. शेजारच्या डोंगऱ्यांच्या म्हातारीची पत्रिका मागच्या सालीच त्यानंच करून दिलेली होती. तीच उघडली, नाव तीन ठिकाणी होतं ते तिन्ही ठिकाणी बदललं, 'कालकथित वच्छलाबाई यादोराव गणवीर' नीट मधोमध आलं का ते पाहिलं आणि छापायला पाठवून दिली. चार मिनिटं लागली असतील.

रडला मात्र नाही. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. आईची धाकटी बहीण, लाखांदूरकडची आनंदामावशी, तिनं तर त्याला गळ्याशी धरून हलवलं. "रड गा बापू, रडून घे. आत ठेवू नोको." त्यानं तिला विचारलं, मावशी, चहा घेतला का? त्याच्या आत ठेवायलाही काही नव्हतं, हे तो कुणाला सांगणार! दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि ओठ आपला वाटेनासा होतो, तसा तो सगळाच्या सगळा झाला होता. खायचा, झोपायचा, कामाच्या मीटिंगमध्ये विचारलं तेवढं सांगायचा.

डिसेंबरात त्याच्याकडे एक मोठं काम आलं. एक सेवा संस्था खेडोपाडी मोतीबिंदूची शिबिरं भरवायची आणि तिथं टॅबवर नाव नोंदवायचा फॉर्म अश्वजितच्या कंपनीनं केलेला होता. पहिला फॉर्म अमर नावाच्या मुलानं लिहिला. दुसरं शिबिर लागलं तेव्हा घाई होती, म्हणून त्याची नक्कल करून दोन-चार ठिकाणी बदल केले. तिसऱ्याला दुसऱ्याची नक्कल. अशा करत करत चौदा शिबिरांचे चौदा फॉर्म झाले, दिसायला भावंडं आणि आतून प्रत्येकाची तऱ्हा निराळी. मध्येच अमर चांगल्या पगारावर बेंगळुरूला निघून गेला आणि त्याचा हा प्रपंच मागे राहिला.

"हे एकदाचं आवर," तृप्ती म्हणाली. तृप्ती त्यांच्या टीमची प्रमुख, नागपुरात बसायची. "परवा फोन नंबरची चूक सापडली, नऊ आकडेही चालत होते. अकरा फॉर्ममध्ये सुधारली, तीन राहूनच गेले. दरवेळी चौदा ठिकाणी हात घालायचा म्हणजे डोकं फिरते. एकच बनव, सगळ्यांना पुरेल असा."

असलं काम कोणी हौसेनं घेत नाही. नवीन काही दिसत नाही, कोणी वाहवा करत नाही, आणि मोडलं तर बोल लागतो. अश्वजितनं मात्र ते असं घेतलं की तृप्तीलाच नवल वाटलं. तो दोन फॉर्म पडद्यावर शेजारी शेजारी उघडायचा आणि एकेक ओळ ताडून बघायचा. एकात 'नाव' लिहिलेलं, दुसऱ्यात 'पूर्ण नाव'. एकात फोटो वर, एकात खाली. एका ठिकाणी तर अटीत अट, तिच्या पोटात आणखी अट: शिबिर मोहाडीचं असेल तर, त्यात बाई असेल तर, त्यात वय साठच्या वर असेल तर, आणि इतकं सगळं करून शेवटी दोन्हीकडे तेच दिसायचं. त्यानं फॉर्मचे सुटे तुकडे केले. नावाची चौकट एकदाच बनवली, यादीतून निवडायची चौकट एकदाच, फोटोची एकदाच. या तुकड्यांना त्यांच्या धंद्यात कंपोनंट म्हणतात. मग एक साधा तक्ता केला: कोणत्या शिबिराला कोणते तुकडे लागतात. बस. कोडच्या अकरा हजार ओळींच्या एकोणीसशे झाल्या.

काढून टाकलेल्या ओळी त्यांच्या पडद्यावर लाल दिसतात. सबंध पान लाल झालं की अश्वजितला बरं वाटायचं. आई गेल्यापासून त्याला बरं वाटलेली ती एकच गोष्ट होती.

सोबत कोण आलंय त्याचं नातं विचारणारी एक यादी होती, ती चौदा ठिकाणी चौदा प्रकारची होती. कुठं 'बहिणीचा मुलगा', कुठं 'जावेची सून', कुठं 'शेजारीण', एका ठिकाणी तर 'गाववाला'. अमरला जो जो जसं सांगेल तसं तो घालत गेला असणार. अश्वजितनं ती छाटून आठवर आणली. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, सून, भाऊ, बहीण, इतर. हे त्याला इतकं नीटनेटकं वाटलं की तो खुर्चीत मागे रेलून मिनिटभर बघत बसला.

अमरनं जागोजाग एक सूचना लिहून ठेवली होती: 'गरजेचं आहे. काढू नये.' कशासाठी गरजेचं, ते मात्र एका ठिकाणीही लिहिलेलं नव्हतं. पहिल्या पाच ठिकाणी अश्वजितनं तपासून पाहिलं तर कसलीच गरज निघाली नाही. सहाव्या ठिकाणी त्यानं फारसं तपासलं नाही. तो लाखांदूरच्या फॉर्ममधला एक रकाना होता, 'माहेरचं नाव'. बाकी तेरांत तो नव्हताच. संस्थेकडून त्यानं यादी मागवली: या रकान्यातून आजवर किती फायली उघडल्या? साडेतीन हजारांतल्या एक्केचाळीस. यादी आली, त्यानं वरून खाली एकदा नजर फिरवली आणि मिटली. संस्थेच्या ऑफिसातल्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, "आता हे तुम्हीच बघा, आमाले त्यातलं काय कळते."

तृप्तीनं काम तपासताना तिथं बोट ठेवलं. "हे काऊन काढलं रे?"

"एक्केचाळीस फायली आहेत फक्त. अन् नाव तर आपण वर घेतोच. एका माणसाचं नाव दोनदा कशाला घ्यायचं?"

तिनं क्षणभर विचार केला. तिचं स्वतःचं लग्न झालेलं, पण तिचं नाव तृप्तीच राहिलेलं. "ठीक आहे," म्हणाली आणि होकार दिला. रकाना गेला.

फेब्रुवारीत, दुपारी जेवताना फोन वाजला.

"अश्वजित होय का गा? मी मावशी बोलतो."

"हो, बोल मावशी."

"मले वापस पाठवलं ना बापू. शिबिरात गेली होती लाखांदूरले. थे म्हणते तुमचं नावच नाई कम्पुटरात. दुसऱ्या डोऱ्याचं करत नाई म्हणते."

अश्वजितनं ताट बाजूला सरकवलं. आनंदामावशीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं हे त्याला माहीत होतं. कुठं, कधी, हे त्यानं विचारलं नव्हतं. आई चार-आठ दिवस जाऊन राहिली होती, एवढं आठवलं. आता मावशीच्या सांगण्यातून एकेक कळत गेलं. पहिला डोळा मागच्या वर्षी आंधळगावच्या शिबिरात झाला होता. आंधळगाव हे दोघी बहिणींचं माहेर. इकडच्या बायका डोळ्याचं ऑपरेशन शक्यतो माहेरीच करून घेतात. महिनाभर चुलीपुढं बसायचं नाही, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, हे सासरी कोण पाळू देतो? डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की दुसराही पिकत आलाय, वर्षाच्या वर थांबू नका, नाहीतर डोळा हाती लागणार नाही. म्हणून या शिबिरात दुसरा डोळा ठरलेला होता. ज्यांची पहिल्या डोळ्याची फाइल सापडेल त्यांना सरळ यादीत घेत होते. नवीन नावं भरून केव्हाच बंद झाली होती. पुढचं शिबिर थेट दिवाळीनंतर.

"कागद नाही का मावशी, मागच्या वेळचा?"

"घर गरलं ना पावसात, कागदाचा लगदा झाला. फोन नंबर सांग म्हणे, तं माह्यापाशी तवा फोन कुठी होता?"

"आंधळगावले काय नाव सांगितलं होतं तू?"

"तारा."

"तारा कोण?"

"अगा मीच ना! माहेरी मी तारा. तिथं मले आनंदाबाई कोन म्हणते? मंग महिन्यानं इकडं लाखांदूरले टाके दाखवाले गेली, तवाची पोरगी बरोबर विचारे, आजी, माहेरचं नाव काय. सांगतलं का लगेच सापडे. औंदा कोनी विचारतच नाई."

लग्नात सुनेचं नाव बदलायची रीत अश्वजितला काय माहीत नव्हती? दीक्षेनंतर त्यांच्या घराण्यातून किती रिती गेल्या, देव्हारे गेले, उपास गेले, ही एक मात्र मागच्या दारानं राहिली होती. पण त्याच्या लहानपणापासून मावशी ही मावशी होती. आई तिला लहानी म्हणायची आणि ती आईला बाई. मावशीला आणखी एखादं नाव असेल, असा विचार त्याच्या डोक्यात येण्याचं काही कारणच घडलं नव्हतं.

"आज किती जणी परत गेल्या ग मावशी?"

"असतीन सहा-सात. एक तं रडत होती बिचारी."

"उद्या परत जा. फाइल सापडते. मी करतो."

"अन् सोबत कोनी पाह्यजे म्हणते. माह्या पोराले, भोजराजले सुट्टी नाई भेटत नागपूरहून. मागच्या टायमाले बाई होती."

"मी येतो," अश्वजित म्हणाला.

त्यानं तृप्तीला फोन लावला. तिलाही संस्थेचा फोन येऊन गेला होता. ती रागावली नाही, तेच त्याला जास्त लागलं असतं, जर त्या दिवसांत त्याला काही लागत असतं तर. "अरे, जुनी फाइल शोधायचा रस्ता होता तो," एवढंच म्हणाली. "मीही हो म्हटलं ना. लाव परत."

परत लावायला वीस मिनिटं लागली. हेही खरं सांगितलं पाहिजे. चौदा फॉर्म असते तर दिवस गेला असता आणि तरी दोन-चार ठिकाणी राहिलंच असतं. आता तक्त्यात एक ओळ घातली, शोधण्याला ती जोडली, आणि रकाना एकट्या लाखांदूरच्या जागी चौदाही शिबिरांत उगवला. तुमसर असो, पवनी असो, कुठल्याही बाईला आता कोणत्याही नावानं विचारता येणार होतं. काम चांगलंच होतं त्याचं. घाण काढताना सोबत काय वाहून गेलं, ते तेवढं बघितलेलं नव्हतं.

बरोबर चालतंय का हे पाहायला खरी नावं लागतात. त्यानं डिसेंबरातली एक्केचाळीस फायलींची ती यादी पुन्हा उघडली. तेविसाव्या ओळीवर तारा सापडली. गाव आंधळगाव, वय एकोणसाठ, डावा डोळा. सोबत: सुंदर. नातं: बहीण. पुढं फोन नंबर.

तो नंबर त्याच्या बोटांना पाठ होता. नऊ वर्षं दर महिन्याला तो त्या नंबरावर रिचार्ज मारत आला होता. आईचा नंबर.

हीच ओळ त्यानं डिसेंबरात पाहिली होती. आईला जाऊन तेव्हा दीड महिनाही झालेला नव्हता, आणि आई नाव, नातं, नंबर घेऊन त्याच्या पडद्यावर बसलेली असताना तो तिच्यावरून बोट सरकवून खाली गेला होता. त्याला वाटलं, आता आपल्याला काहीतरी होईल. तो वाट बघत बसला. काही झालं नाही. मग तो उठून बाहेर गेला.

यादोराव अंगणात लाखोळीची डाळ निवडत बसले होते.

"बाबा, आईचं माहेरचं नाव काय होतं?"

"सुंदर," ते म्हणाले. सुपातली नजर वर केली नाही.

"मग वच्छला कोणी ठेवलं?"

"माह्या मायनं. शेजारी एक सुंदरबाई होती पहिलेच. माय म्हणे, एका गल्लीत दोन सुंदरा कायले? हाक मारली का दोघीबी ओ देतीन."

एका गल्लीत दोन कशाला. हे वाक्य अश्वजितनं वेगळ्या शब्दांत तृप्तीला ऐकवलं होतं.

"तिला विचारलं होतं का?"

"कोन विचारते गा सुनेले." यादोरावांनी एक खडा उचलून लांब फेकला. "मीबी नाई विचारलं. पहिले पहिले वच्छला म्हणून हाक मारली का तिचं ध्यानच नसे. खाली मान घालून काम करत राहे. माय चिडे, म्हणे बहिरी भेटली." त्यांनी दाण्यांवरून हात फिरवला. "एखाद्या टायमाले सुंदर म्हणून हाक मारावं, असं वाटे मले. पन घरात माय होती. मंग माय गेली तं सवय राहिली नाई."

त्यांनी सूप पुन्हा हलवायला घेतलं. बापलेकात एवढं बोलणं कित्येक महिन्यांत झालेलं नव्हतं. अश्वजित आत गेला. संध्याकाळपर्यंत तृप्तीनं बदल तपासला आणि दुरुस्ती शिबिरातल्या टॅबवर पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोटारसायकलनं भंडाऱ्याला गेला, ती स्टँडवर लावली आणि लाखांदूरची एसटी धरली. साकोलीपुढं दोन्ही बाजूंना उन्हाळी धानाची रोवणी चालली होती. खिडकीतून बघताना त्याला ते सगळं काचेपलीकडचं वाटत होतं, आणि काच खाली केली तरी तसंच वाटत राहिलं.

शिबिर एका शाळेच्या सभागृहात होतं. बाहेर मंडप, आत खुर्च्यांच्या रांगा, रांगांत डोक्यावर पदर घेतलेल्या म्हाताऱ्या आणि धोतरातले म्हातारे. मावशी सकाळपासून येऊन बसलेली. त्याला पाहून तिनं हात वर केला, तो जरा चुकीच्या दिशेला. नोंदणीच्या टेबलावर रक्षा नावाची मुलगी होती. काल बायकांना परत पाठवल्याबद्दल बसलेल्या बोलण्यांनी ती आधीच धास्तावलेली दिसत होती.

"आजी, माहेरचं नाव?" तिनं स्वतःहून विचारलं. रकाना तिच्यापुढं आला होता.

"तारा. आंधळगावची," मावशी अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशी म्हणाली.

फाइल उघडली. डावा डोळा, तारीख, लेन्सचा नंबर, सगळं जिथल्या तिथं. रक्षानं सुस्कारा सोडला. "सापडली आजी! आजच्याच यादीत घेते. कालच्या बाकी जणींनाही बोलावलं आहे." अश्वजितला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्यानं नुसती मान हलवली.

"इथं सोबत सुंदर असं आहे," रक्षा म्हणाली. "त्याच आल्या आहेत का?"

अश्वजित म्हणाला, "नाही. ती वारली. आता मी आहे. बदला."

बदलायचं बटण त्याचंच केलेलं होतं. रक्षानं ते दाबलं, आणि सुंदर पुसलं जाऊन त्या जागी रिकामी चौकट आली. तिनं त्याचं नाव विचारून लिहिलं. मग नात्याची यादी उघडली.

"नातं काय दादा?"

त्याला ती यादी तोंडपाठ होती. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, सून, भाऊ, बहीण. त्यानं यादीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"इतर करा," तो म्हणाला.

"इतर म्हंजे कोन गा?" मावशीनं लगेच विचारलं.

"म्हणजे दुसरं कोणीतरी, मावशी. यादीत नसलेलं."

"दुसरं कोनी कायले? बाईचा पोरगा हायेस तू. हे बापा, पोरी, लिव नीट. बाईच्या पोटचा पोरगा हाये हा. लायनपनी माह्याच कडेवर होता."

"आजी, यात तसं नाही येत ना," रक्षा अजिजीनं म्हणाली. मागे रांग खोळंबली होती. "काही फरक पडत नाही त्यानं."

"येत होतं," अश्वजित म्हणाला. "बहिणीचा मुलगा म्हणून होतं आधी. मीच काढलं."

रक्षाला त्यातलं काही कळलं नाही. तिनं 'इतर' वर बोट ठेवलं. शेजारच्या छोट्या यंत्रातून एक पट्टी बाहेर आली. ती कार्डावर चिकटवून, दोऱ्यात अडकवून तिनं मावशीच्या गळ्यात घातली आणि आतल्या दाराकडे हात केला.

दाराशी नर्सनं मावशीच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले आणि तिचा दंड धरला. मावशी थांबली. गळ्यातलं कार्ड तिनं चाचपून हातात घेतलं आणि अश्वजितपुढं धरलं. ती शाळेत कधी गेली नव्हती. दोन्ही डोळे धड असते तरी तिला ते वाचता आलं नसतं.

"वाच बरं, काय लिवलं त्या पोरीनं. मले तिचा भरोसा नाई."

कार्डावर चार ओळी होत्या. तारा. आंधळगाव. उजवा डोळा. सोबत: अश्वजित गणवीर, इतर.

"तारा," त्यानं वाचलं. "आंधळगाव. उजवा डोळा. सोबत अश्वजित." मग कार्डाकडे बघत बघतच, तिथं नसलेलं त्यानं वाचलं, "सुंदरचा मुलगा."

आईचं नाव तो जन्मात पहिल्यांदा तोंडानं घेत होता. पत्रिकेवर तीन ठिकाणी टाकलं होतं ते दुसरंच होतं, आजीनं गल्लीच्या सोयीसाठी ठेवलेलं. हे त्या बाईचं स्वतःचं होतं, आणि ते उच्चारताना मधल्या अक्षरावर त्याचा आवाज फाटला. पुढं त्याला आवरलंच नाही. सभागृहात दीडशे माणसं असताना, दाराच्या चौकटीला धरून, चौतीस वर्षांचा तो माणूस लहान पोरासारखा मोठ्यानं रडायला लागला. साडेतीन महिन्यांचं सगळं एकदम आलं आणि ते फार दुखलं. रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. कोणाचंतरी ऑपरेशन बिघडलं असेल, असं त्यांना वाटलं.

मावशीनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. तिच्या स्वतःच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले होते, त्यामुळे तिला रडायची मनाई होती.

"हां, बरोबर लिवलं पोरीनं," ती म्हणाली. "मी येतो जाऊन. तू इथंच बस."

नर्स तिला आत घेऊन गेली. अश्वजित दाराशेजारच्या बाकावर बसला. नाक पुसलं, पिशवीतून लॅपटॉप काढून मांडीवर घेतला आणि आठ नात्यांची ती यादी उघडली.